परवाना रंजनाच्या नावाचा

धर्मेंद्र बोरसेला रिव्हॉल्व्हर हवं होतं आणि ते त्याला मिळत नव्हतं. गोडादऱ्यात गणपती मंडळाच्या भांडणात त्याने एकाचं डोकं फोडलं होतं. तो खटला अजून निकालात निघाला नव्हता, त्यामुळे पोलीस कमिशनरच्या कचेरीत त्याचा अर्ज गेला तसाच परत आला. पलसाण्याच्या डाइंग मिलांना, कापड रंगवायच्या कारखान्यांना, तो माणसं पुरवायचा. हाताखाली शेदीडशे माणूस, बुडाखाली नवी मोटारसायकल, गळ्यात सोन्याची साखळी, आणि तरी कमरेला काही नाही, हे त्याला सलत होतं. मिलमालकांबरोबर उठबस करताना त्याने पाहिलं होतं की एखादा शेठ खुर्चीवर बसताना सफारीचं टोक जरा वर सारतो, आणि समोरचा माणूस आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो.

तेव्हा त्याला बायकोची आठवण झाली.

रंजना लिंबायतच्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत खेळाची शिक्षिका होती. लग्नाआधी अमळनेरला कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या रायफलीवर तिने ढाली मिळवल्या होत्या. त्या ढाली सासूबाईंनी, सरलाबाईंनी, पहिल्याच दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर टाकल्या आणि पुढे कधीतरी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि सरलाबाई ते रोज कुठल्या ना कुठल्या निमित्ताने बोलून दाखवत. इतक्या वर्षांत धर्मेंद्रने तिच्या नेमबाजीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. आणि एका रविवारी, वरणबट्टी कुस्करता कुस्करता, तो म्हणाला, “तुला पुन्हा निशाणबाजी करायची का?”

रंजनाचा घास हातातच राहिला.

“रायफल क्लबात तुझं नाव घालतो,” तो म्हणाला. “एका शेठची ओळख आहे. खेळाडूला परवाना लवकर मिळतो म्हणतात.”

“आणि परवाना मिळाला की?”

“मग काय. घरात एक वस्तू येईल.”

तो आपल्याला पायरी करतोय, हे तिला तेवढ्यातच समजलं. तिने घास तोंडात घातला, चावून गिळला आणि म्हणाली, “चालेल.” तो तिचा उपयोग करून घेणार होता, तर तीही त्याचा करून घेणार होती.

क्लबची रेंज शहराबाहेर, खाडीच्या अंगाला होती. एका बाजूला मातीचा उंच बांध, त्यापुढे लाकडी चौकटींत अडकवलेली कागदी निशाणं, अलीकडे पत्र्याची शेड. येणारे बहुतेक जरीवाले, हिरेवाले, बिल्डर. सेक्रेटरी जाडजूड होता, बोटांत अंगठ्या. पहिल्या दिवशी त्याने रंजनाला आपादमस्तक न्याहाळलं आणि बाकीच्यांकडे बघत गुजरातीत म्हणाला, “हवे रसोडामांथी पण मेंबर आवे छे.” स्वयंपाकघरातून मेंबर, यावर सगळी शेड हसली. रंजनाला गुजराती उत्तम येत होतं. तिने क्लबचं हवेवर चालणारं पिस्तूल उचललं आणि सर्वांत कडेच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

पहिले महिने हात थरथरायचा. रायफलीला खांदा असतो, दोन्ही हात असतात. इथे एक हात पुढे, बाकी सगळं अंग त्या एका हाताच्या भरवशावर. पण हळूहळू अंगाला जुनं काहीतरी आठवायला लागलं. श्वास अर्धा सोडून थांबवायचा. निशाण धूसर झालं तरी चालेल, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा बारीक दाणा, मात्र स्वच्छ दिसली पाहिजे. चाप ओढायचा नाही, दाब वाढवत न्यायचा, असा की गोळी सुटल्यावर आपल्यालाच नवल वाटावं. ती हवेच्या पिस्तुलावरून क्लबच्या झिजलेल्या बावीस बोअरच्या पिस्तुलावर आली, आणि वर्ष संपता संपता सेक्रेटरीने तिच्या निशाणाच्या कागदांकडे बघून हसणं सोडलं. तो आता नुसताच चिडायचा.

घरी कोणी विचारत नव्हतं. धर्मेंद्रचा एकच प्रश्न असे, “परवान्याचं कुठवर आलं?”

परवाना आला तो सत्त्याण्णवच्या थंडीत. चौकशीला आलेल्या हवालदाराने रंजनाला सोडून सगळ्यांना प्रश्न विचारले होते. धर्मेंद्रने त्याला चहा, फाफडा आणि बरंच काय काय खाऊ घातलं होतं. पुस्तिकेवर फोटो मात्र रंजनाचा होता. धर्मेंद्रने ती पुस्तिका उघडून पाहिली, फोटोवर अंगठा ठेवून जणू तो झाकला, आणि म्हणाला, “उद्याच दुकानात जाऊ.”

दुकान बरजोरजी नावाच्या म्हाताऱ्या पारशाचं होतं. आत तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास, भिंतीवर साखळीत ओवलेल्या बंदुका. धर्मेंद्र आत शिरताच काचेवर हात ठेवून म्हणाला, “कानपूरचं नवं बत्तीस दाखवा. आखूड नळीचं.”

बरजोरजीने ते काढलं. काळंभोर, ठेंगणं, खिशात मावेल असं. धर्मेंद्रने ते मुठीत धरलं, आरशात पाहिलं, पुन्हा धरलं. त्याचा चेहरा असा खुलला होता की रंजनाला क्षणभर त्याची कीव आली.

“झालं,” तो म्हणाला. “हेच.”

“मला बघू द्या,” रंजना म्हणाली.

तिने काडतुसांचं चक्र उघडून रिकामं असल्याची खात्री केली, नळी भिंतीकडे केली आणि चाप दाबला. चाप जड होता, आणि वाटेत दोनदा अडखळत होता. मूठ तिच्या करंगळीच्या आधीच संपत होती. पाठीमागची नेमाची खाच नुसती कोरलेली, सरकवता येणारी नव्हती. नेम डावीकडे गेला तर तो तसाच डावीकडे जाणार.

“याने पंचवीस मीटरवर कागद तरी फाटेल का?” तिने विचारलं.

बरजोरजी चष्म्यावरून हसला. “बेन, आ तो टेबलनी सामे बेठेला माणस माटे छे.” म्हणजे कागदासाठी नव्हे, टेबलासमोर बसलेल्या माणसासाठी.

“मला मॅच खेळायची आहे. दुसरं काय आहे?”

धर्मेंद्रने तिच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने खालच्या कपाटातून एक लांबट पेटी काढली. आत जुनं विलायती बत्तीस होतं, लांब नळीचं, अक्रोडाच्या मुठीचं. मुठीच्या उजव्या बाजूची एक कपची उडालेली होती. नवसारीचे एक म्हातारे गृहस्थ त्यावर आयुष्यभर स्पर्धा खेळले होते. डोळे गेले तेव्हा ते दुकानात विकून गेले. रंजनाने ते हातात घेतलं. वजन पुढच्या बाजूला होतं, त्यामुळे नळी हवेत भटकत नव्हती. घोडा मागे ओढून तिने चक्राला अंगठ्याने हलवून पाहिलं. ते पक्कं बसलेलं होतं, जागचं हललं नाही. मग चाप. काचेची काडी मोडावी तसा तो सुटला, स्वच्छ, एकदम.

“हे,” ती म्हणाली.

“डोकं फिरलंय का?” धर्मेंद्र ओरडला. “हा सोटा कमरेला बसेल का? लोक हसतील!”

“कमरेला कोण लावणार आहे?”

बरजोरजी फडक्याने काच पुसायला लागला, जी आधीच स्वच्छ होती.

“बोरसेभाई,” तो शेवटी म्हणाला, “लायसन बेनना नामनुं छे. हूं एमने पूछीश.” म्हणजे तो रंजनालाच विचारणार होता.

धर्मेंद्रने आखूड रिव्हॉल्व्हर काचेवर आपटलं आणि बाहेर जाऊन मोटारसायकलला किक मारली. रंजनाला तिथेच टाकून तो निघून गेला. ती लांब पेटी मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आली.

त्या दिवसापासून घरात उघड युद्ध सुरू झालं. धर्मेंद्र तिच्याशी बोलायचा तो फक्त तिसऱ्या माणसाला ऐकवण्यासाठी. “आमच्याकडे नवरा भाजी आणतो आणि बायको बंदूक फिरवते,” असं तो ओट्यावर बसून शेजाऱ्यांना सांगायचा. सरलाबाई तिचं ताट वेगळं ठेवू लागल्या. रविवारी सकाळी ती निघाली की दारातून ऐकू येई, “निंघनी शिपाईण!”

रंजनाने कपाटातल्या लॉकरची किल्ली स्वतःकडे ठेवली. रिव्हॉल्व्हर फ्लॅनेलच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळून ती आत ठेवायची, काडतुसं वेगळ्या डब्यात. रेंजवरून आली की आधी नळीतून गज फिरवायची, तेलाचा हात द्यायची, आणि मगच पाणी प्यायची. इतक्या वर्षांत त्या घरात तिची म्हणावी अशी ही पहिली वस्तू होती.

धर्मेंद्रने एकदाच मागितलं. मित्राच्या वरातीत हवेत गोळ्या झाडायच्या होत्या.

“नाही,” ती म्हणाली.

“तासाभराने आणून देतो.”

“परवाना माझा आहे. तुमच्या हातात दिसलं तरी गुन्हा आहे.”

“माले शिकाडू नको!” तो म्हणाला आणि समोरची वाटी भिंतीवर भिरकावली. भिंतीवरून आमटी ओघळली. सरलाबाईंनी ती पुसली नाही, रंजनाला पुसायला लावली.

उन्हाळ्यात क्लबातून राज्य स्पर्धेसाठी निवड झाली. रंजना पहिल्या तिघांत आली. सेक्रेटरीने फळ्यावर तिचं नाव लिहिताना दोनदा चूक केली. तिने दोन्ही वेळा तिथेच उभं राहून ती दुरुस्त करून घेतली.

त्याच आठवड्यात शाळेच्या मधल्या सुट्टीत फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, पायात चप्पल नाही. शिपायाने आत सोडलं नाही म्हणून ती तिथूनच ओरडली, “बोरसेबाई कोण?”

रंजना फाटकाशी गेली.

“तुमची बंदूक काल माझ्या नवऱ्याच्या छातीला लागली होती,” ती बाई म्हणाली. “बोरसे सगळ्या मिलला सांगतो ना, बायको बंदूक फिरवते म्हणून. बघायला आले कशी दिसता ते.”

तिचं नाव तारा. तिचा नवरा निंबा पलसाण्याच्या मिलमध्ये कापड रंगवायच्या यंत्रावर होता, धर्मेंद्रच्या माणसांपैकी. यंत्राच्या झाकणातून वाफ फुटत होती. एका पोराचा हात कोपरापर्यंत भाजला. मशीन दुरुस्त होईपर्यंत आत जाणार नाही असं निंबाने ठरवलं, आणि त्याच्या मागे सगळी पाळी बाहेर बसली. धर्मेंद्रने निंबाला केबिनमध्ये बोलावलं. रेक्झिनच्या पिशवीतून रिव्हॉल्व्हर काढलं, चक्र फिरवलं, आणि नळी त्याच्या छातीला लावून विचारलं, “आता जाशील का?”

“सगळ्यांसमोर कपड्यात मुतला माझा माणूस,” तारा म्हणाली. तिचा आवाज जराही खाली आला नाही. “काचेतून सगळी पाळी बघत होती. ठाण्यात गेलो तर तुमच्या नवऱ्याने बिडी पेटवायचा लायटर काढून दाखवला, पिस्तुलासारखा असतो तो. म्हणाला, मस्करी केली. पोलीस हसले. आता मिलवाले म्हणतात, खोटी तक्रार केली म्हणून निंबालाच आत घालतो.”

“त्याने नक्की काय पाहिलं?” रंजनाने विचारलं.

“लांब होतं. हातभर. लाकडाची मूठ, आणि मुठीची कपची उडालेली. लायटरला असते का हो कपची उडालेली?”

रंजनाने फाटकाची सळई धरली.

“तुम्ही शिकवता ना पोरांना?” तारा म्हणाली. “मग घरात असलं कशाला ठेवता?” आणि ती निघून गेली.

रंजना अर्ध्या रजेवर घरी आली. लॉकर बंद होता. रिव्हॉल्व्हर जागेवर होतं, पण फडकं उलट्या बाजूने गुंडाळलेलं, आणि नळीवर बोटांचे तेलकट ठसे. ती ते कधीच असं ठेवत नसे. किल्ली तिच्या पर्समध्ये होती. म्हणजे दुसरी किल्ली होती.

सरलाबाई पोळपाटापाशी बसल्या होत्या. रंजनाने विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, “घरनी वस्तू शे ती. मना पोऱ्यानी मांगी, मी दिधी.” नव्या कपाटाबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या, एक त्यांनी पहिल्या दिवसापासून कनवटीला ठेवली होती.

धर्मेंद्र संध्याकाळी आला. रंजना त्याच्यासमोर उभी राहिली.

“निंबाच्या छातीला काय लावलं तुम्ही?”

“लायटर.” त्याने खरंच खिशातून लायटर काढला आणि तिच्या डोळ्यांसमोर ज्योत पेटवली. “आणि कोणी विचारलं तर तूही हेच सांगशील.”

“मी नाही सांगणार.”

“ऐक.” तो जवळ आला. “परवाना कोणाचा? तुझा. वस्तू कोणाच्या ताब्यात? तुझ्या. तू तोंड उघडलंस तर पहिली तू आत जाशील. तुझी नोकरी जाईल. तुझी ती स्पर्धा जाईल. त्या भिकारड्यासाठी?”

“त्याला सगळ्यांसमोर—”

त्याने तिचं उजवं मनगट धरलं आणि पिरगाळलं. तो रागाच्या भरात नव्हता, हे तिच्या नीट लक्षात राहिलं. तो सावकाश पिरगाळत होता, कुठला हात आहे हे पाहून.

“याच हाताने नेम धरतेस ना?” तो म्हणाला.

सरलाबाईंनी पोळी उलटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं मनगट सुजलं होतं. तिने शाळेत निरोप धाडला, परवान्याची पुस्तिका घेतली, रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवलं आणि पलसाण्याच्या जीपमध्ये बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिला, मिलांमागून वाहणारं जांभळं-हिरवं पाणी. जीपमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने पेटीत काय आहे असं विचारलं. “शाळेचं सामान,” ती म्हणाली. पुढे काय होणार हे तिला माहीत होतं. धर्मेंद्र खोटं बोलला नव्हता. पहिली तीच अडकणार होती. दोनदा तिला वाटलं, उतरावं आणि परत जावं. स्पर्धा खेळून घ्यावी, मग बघू. पण मग तिला ती केबिन दिसायची, काचेबाहेर उभी असलेली माणसं दिसायची, आणि त्या माणसाच्या छातीला लावलेली नळी तीच, जी ती दर रविवारी फ्लॅनेलने पुसायची.

ठाण्यातला फौजदार तरुण होता. तिने चक्र उघडून रिकामं रिव्हॉल्व्हर त्याच्या टेबलावर ठेवलं.

“हा तो लायटर,” ती म्हणाली.

फौजदाराने मुठीकडे पाहिलं, मग तिच्या सुजलेल्या मनगटाकडे. त्याने दार लावून घेतलं.

“बेन, विचार करून बोला. हे लिहून घेतलं की तुमचं लायसन गेलं. हत्यार सांभाळता आलं नाही म्हणून तुमच्यावरही येईल. घरी नवरा आहे. समजावून घ्या आपसात.”

“लिहून घ्या.”

“मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय.”

“कळतंय,” ती म्हणाली. “तुम्ही लिहून घ्या.”

निंबाला ओळख पटवायला बोलावलं. तो दारातून आत आला आणि टेबलावरचं रिव्हॉल्व्हर पाहून जागीच थबकला. मग पुढे येऊन त्याने कपचीवर बोट ठेवलं. बोट लगेच मागे घेतलं, चटका बसल्यासारखं. रंजनाकडे त्याने एकदाच पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. त्याच्या लेखी तीही बोरसेच होती.

रिव्हॉल्व्हर मुद्देमालात जमा झालं. शिपायाने ते सुतळीने बांधलं आणि लाखेचा ठिपका दिला.

“तेल लावून ठेवा,” रंजना म्हणाली. “पावसाळ्यात गंज चढेल.”

शिपाई हसला. “मॅडम, इथे आमचा पंखासुद्धा गंजलाय.”

धर्मेंद्रला त्याच दुपारी मिलमधून उचललं. तो जामिनावर सुटून येईपर्यंत सरलाबाईंनी रंजनाचे कपडे चादरीत बांधून ओट्यावर ठेवले होते. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. कोणी पुढे आलं नाही. “नवरा खाल्ला हिनं,” सरलाबाई सगळ्यांना सांगत होत्या. रंजनाने गाठोडं उचललं आणि मंदाकडे गेली. मंदा तिच्याच शाळेत चौथीला शिकवायची आणि कोसाडच्या वसाहतीत एका खोलीत एकटी राहायची. तिने कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला.

कमिशनरच्या कचेरीने परवाना निलंबित केला. सेक्रेटरीने रंजनाचं ओळखपत्र परत घेतलं आणि फळ्यावरचं तिचं नाव ओल्या फडक्याने पुसलं. “मैंने पहले ही बोला था,” तो शेडमधल्या लोकांना म्हणाला. राज्य स्पर्धेला तिच्या जागी एक बिल्डर गेला.

खटला चालायला वेळ लागला. साक्षीच्या आदल्या आठवड्यात सरलाबाई कोसाडला आल्या. तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती. रंजनाने पाणी दिलं, चहा टाकला. म्हाताऱ्या बाईने खोलीवरून नजर फिरवली.

“साक्षमा सांग, माले आठवत नही,” त्या म्हणाल्या. “तेवढंच.”

“मला आठवतं.”

“तुले नवरा जोयजे का ते लोखंड?”

सरलाबाईंचा आवाज फुटला. “त्याना धंदा गया. मिलवाला उभा करत नहीत त्याले. घरमा बसी राहस दिवसभर. तू माय ना बनू शकनी, आते त्याले बी खाई टाक.”

याआधी असं काही ऐकलं की रंजना आत जाऊन तोंड धुऊन यायची. या वेळी ती जागची हलली नाही.

“आई, माझा हात पिरगाळला तेव्हा तुम्ही पोळी उलटवलीत,” ती म्हणाली. “किल्ली तुम्ही दिलीत. पोलिसांनी तुमचं नाव विचारलं होतं. मी सांगितलं नाही. कोर्टात विचारलं तर सांगेन.”

सरलाबाई उठल्या. चहाला हात न लावता जिना उतरून गेल्या. त्यांचा हात भिंतीवरून घसरत होता, आणि रंजना वरून बघत होती. खाली जाऊन आधार द्यावा असं तिला एकदा वाटलं. ती गेली नाही.

कोर्टात तिने सगळं सांगितलं. धर्मेंद्रच्या वकिलाने विचारलं की नवऱ्यावर सूड घ्यायला तिनेच हत्यार त्याच्या पिशवीत ठेवलं का. बायकांना बंदुकीचा नाद कसा लागतो, असंही विचारलं. मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज आला. किल्लीबद्दल विचारलं तेव्हा तिने सासूचं नाव घेतलं. बाहेर व्हरांड्यात धर्मेंद्र भिंतीला टेकून उभा होता. गळ्यातली साखळी गेली होती, गाल बसले होते.

“नवऱ्याला आत टाकून आता कोणावर नेम धरणार?” तो म्हणाला.

“कागदावर,” ती म्हणाली. “पहिल्यापासून कागदावरच धरत होते. तुला ते कधी कळलंच नाही.”

‘तुला’ हा शब्द दोघांनीही ऐकला. तो पुढे सरकला, मग व्हरांड्यातल्या पोलिसाकडे बघून थांबला.

त्याला शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली, पण मिलांचे ठेके परत मिळाले नाहीत. निंबा दुसऱ्या मिलमध्ये लागला. तारा एकदा उधन्याच्या बसमध्ये दिसली. रंजनाने हात वर केला. ताराने ओळखलं, आणि मान खिडकीकडे वळवली. रंजनाला तिचं काही चुकलं असं वाटलं नाही.

परवान्याची सुनावणी कमिशनरच्या कचेरीत झाली. हत्याराची नीट काळजी घेतली नाही म्हणून तिला ताकीद मिळाली, आणि स्वतःहून खरं सांगितलं म्हणून परवाना परत मिळाला. कोर्टाचा हुकूम घेऊन ती पलसाण्याला रिव्हॉल्व्हर आणायला गेली तेव्हा सुतळी कुजली होती. नळीवर तपकिरी खवले चढले होते. चक्र हाताने फिरत नव्हतं.

बरजोरजीने ते उघडलं, नळी उजेडाकडे धरून आत डोकावला आणि चष्मा पुसून पुन्हा डोकावला.

“अंदरथी खवाई गई छे, दीकरी,” तो म्हणाला. “साफ थशे. पण पहेला जेवुं नहीं मारे.” नळी आतून खाल्ली गेली होती, आता पहिल्यासारखा नेम लागणार नव्हता.

“चालेल तर ना?”

“चालशे.”

त्याने गंज काढला, चक्र मोकळं केलं, चापाची कमान बदलली. कपची तशीच राहिली. पुढच्या रविवारी रंजना रेंजवर गेली. क्लबाला नाव परत घालावं लागलं होतं, कारण परवाना वैध होता आणि नियमात तिला अडवायला काही नव्हतं. सेक्रेटरीने सही केली, पण तिला सर्वांत कडेची, ऊन तोंडावर येणारी जागा दिली. शेडमधलं कोणी तिच्याशी बोललं नाही. शेजारच्या जागेवरचा जरीवाला आपली पेटी उचलून दोन जागा पलीकडे गेला.

तिने हात वर केला. मनगट थोडं दुखलं, पण हात स्थिर राहिला. श्वास अर्धा सोडला. माशी खाचेत आली. गोळी सुटली.

चक्र रिकामं झाल्यावर तिने शेडमधल्या दुर्बिणीतून निशाण पाहिलं. भोकं कागदभर विखुरली होती. एक तर काळ्या वर्तुळाच्या बाहेर, पांढऱ्यावर. पूर्वी तिची सगळी भोकं एका पुरीखाली झाकली गेली असती.

सेक्रेटरी तिच्या मागे येऊन उभा होता. “बेन, आ भंगारमां आपी दो,” तो म्हणाला. “नकामी गोळीओ बगाडो छो.”

रंजनाने चक्रातून रिकामी काडतुसं तळहातावर पाडली. अजून गरम होती. मागची खाच तिने स्क्रूने जरा उजवीकडे सरकवली.

“दुसरा कागद लावा,” ती म्हणाली.

तो हलला नाही. मग ती स्वतःच नवा कागद घेऊन उन्हातून चौकटीकडे चालू लागली. ती मैदानात असेपर्यंत कोणाला गोळी झाडता येणार नव्हती, म्हणून शेडमधल्या सगळ्यांना हत्यारं खाली ठेवून तिची वाट बघत उभं राहावं लागलं.